मुळाशी प्रामाणिक म्हणजे कोणाशी? : सूडकथेचे माध्यमांतर आणि मराठी समीक्षेची पंचाईत

१

मराठीत माध्यमांतराची समीक्षा म्हणून जे लिहिले जाते त्याचा साचा आता इतका पक्का झाला आहे की कलाकृती कोणतीही घेतली तरी निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. डाव्या रकान्यात मूळ कादंबरीतील प्रसंग, उजव्या रकान्यात चित्रपटातील अथवा मालिकेतील प्रसंग. खाली साम्यस्थळे, त्याखाली भेदस्थळे. आणि अखेरीस 'माध्यमाच्या मर्यादांमुळे मुळातील आशयाची खोली गाठता आलेली नाही' हे वाक्य. एम.फिल.च्या प्रबंधिकांपासून गौरवग्रंथांतील लेखांपर्यंत हा साचा निर्वेधपणे चालत आलेला आहे. त्यात श्रम असतात, नोंदी असतात, क्वचित प्रामाणिक कळकळही असते. समीक्षा मात्र नसते. माध्यमांतर ही मुळात वाचनाची कृती आहे, आणि वाचनाचे मूल्यमापन ते काय वगळते यावरून होत नाही, ते काय वाचते यावरून होते, ही साधी गोष्ट या साच्यात मावत नाही.

या साच्याला सरळ आव्हान देणारी एक कृती म्हणून 'गान्कुत्सुओ' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेकडे पाहता येते. अलेक्झांद्र द्यूमा यांच्या 'माँटे क्रिस्टोचा काउंट' या सूडकादंबरीवरून गोंझो या निर्मितिसंस्थेने ही चोवीस भागांची मालिका तयार केली. दिग्दर्शक माहिरो माएदा. ऑक्टोबर २००४ ते मार्च २००५ या काळात ती जपानमध्ये प्रथम प्रक्षेपित झाली. एकोणिसाव्या शतकातील पॅरिस तिने इसवी सनाच्या एक्कावन्नाव्या शतकात नेले. रोममधील कार्निव्हल चंद्रावर भरवला. शातो दीफ हा समुद्रातील तुरुंग अंतराळात टाकला. काउंटला निळी कातडी आणि टोकदार कान दिले. साम्यभेदांची यादी करू पाहणाऱ्याला येथे भेदांचा रकाना पुरणार नाही. आणि तरीही द्यूमांच्या कादंबरीतील जो प्रश्न शंभराहून अधिक वर्षांच्या रूपांतरांनी बव्हंशी बाजूला ठेवला, तो या मालिकेने नेमका उचलला आहे. साच्याची पंचाईत होते ती येथे.

२

प्रथम 'मूळ' या शब्दाचाच विचार केला पाहिजे. प्रामाणिकपणाचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेला मूळ संहिता ही स्वयंभू, अखंड आणि एकाच कर्त्याच्या प्रतिभेतून उतरलेली वाटते. द्यूमांची कादंबरी यांपैकी एकही अट पुरी करीत नाही. ऑगस्ट १८४४ ते जानेवारी १८४६ या काळात ती 'जूर्नाल दे देबा' या पॅरिसच्या वृत्तपत्रातून हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तिच्या रचनेत ओग्यूस्त माके या सहलेखकाचा मोठा वाटा होता; मुखपृष्ठावर त्याचे नाव आले नाही, एवढेच. आणि तिचे कथाबीज झाक प्यूशे या पोलीस दप्तराच्या अभिलेखपालाच्या आठवणींतून घेतलेले होते. फ्रान्स्वा पिको नावाच्या एका चांभाराला मित्रांनी खोट्या आरोपात अडकवले, तो तुरुंगात गेला, तेथे त्याला संपत्तीचा ठावठिकाणा कळला आणि सुटल्यावर त्याने एकेकाचा सूड घेतला, अशी ती हकीकत. म्हणजे जिला 'मूळ' म्हणून सोवळ्यात ठेवायचे ती कादंबरीच एका पोलिसी कथनाचे रूपांतर आहे. दप्तरातल्या चांभाराचा मार्सेयचा खलाशी झाला, खलाशाचा काउंट झाला, आणि हत्येच्या एका प्रकरणाचा ११७ प्रकरणांचा समाजपट झाला. या रूपांतराला कोणी 'पोलीस दप्तराशी अप्रामाणिक' म्हटल्याचे ऐकिवात नाही.

जपानी बाजूनेही हीच स्थिती आहे. 'गान्कुत्सुओ' हे नाव माएदा यांचे नव्हे. 'योरोझु चोहो' या वृत्तपत्राचे संस्थापक कुरोइवा रुइको यांनी १९०१-०२ मध्ये आपल्या पत्रातून द्यूमांच्या कादंबरीचे जे रूपांतर चालवले त्याचे ते शीर्षक : गुहेचा राजा. कुरोइवांनी पात्रांना जपानी वळणाची नावे दिली. एदमाँ दांतेसचा दान तोमोतारो झाला. जपानी वाचकांच्या पिढ्यांना द्यूमा माहीत झाला तो या नावाने. शतकानंतर माएदा यांनी कादंबरीला तिचे फ्रेंच नाव परत दिले नाही. रूपांतराचे नाव उचलले आणि त्या नावाला एक स्वतंत्र अस्तित्व बहाल केले. मालिकेत 'गान्कुत्सुओ' ही तुरुंगाच्या अंधारात वसणारी, कैद्याच्या देहात शिरणारी एक शक्ती आहे. एका भाषांतरकाराने केलेली शीर्षकाची निवड शंभर वर्षांनी पात्र होऊन कथेत उतरते. हे 'मुळापासून दूर जाणे' आहे असे म्हणायचे असेल तर म्हणावे. परंपरा म्हणतात ती याहून वेगळी काय असते, याचे उत्तर मात्र द्यावे लागेल.

शिवाय माएदा प्रथम द्यूमांकडे गेलेच नव्हते. त्यांना आल्फ्रेड बेस्टर या अमेरिकी लेखकाची १९५६ सालची विज्ञानकादंबरी, जी स्वतःच माँटे क्रिस्टोच्या सूडकथेवर उभी आहे, पडद्यावर आणायची होती. हक्क मिळाले नाहीत तेव्हा ते तिच्या उगमाकडे वळले. एक्कावन्नाव्या शतकातील अंतराळ हे म्हणून चमत्कृतीसाठी लावलेले ठिगळ नाही. ते द्यूमांच्याच एका वंशजाकडून आलेले आहे. वंशवृक्षाची ही गुंतागुंत लक्षात घेतली तर 'मुळाशी प्रामाणिक' या शब्दप्रयोगाचा अर्थ कोणता उरतो? पिकोशी, प्यूशेशी, माकेशी, द्यूमांशी, कुरोइवांशी, की बेस्टरशी?

३

आता कृतीकडे वळावे. द्यूमांची कादंबरी फेब्रुवारी १८१५ मध्ये, दांतेसचे जहाज मार्सेयच्या बंदरात येते तेथे उघडते. पहिल्या तीस प्रकरणांत वाचक त्याच्याबरोबर विवाहाच्या मेजवानीवरून उचलला जातो, चौदा वर्षे कोठडीत राहतो, प्रेताच्या पोत्यातून समुद्रात फेकला जातो आणि खजिन्यापर्यंत पोहोचतो. त्यानंतर काउंट पॅरिसात शिरतो तेव्हा त्याचे गुपित वाचकाला पूर्णपणे माहीत असते. प्रत्येक मेजवानीत, प्रत्येक हस्तांदोलनात वाचक काउंटच्या बाजूने उभा असतो. सूडकथेचे सुख ते हेच : ज्यांना काही माहीत नाही त्यांच्याकडे सर्व माहीत असलेल्याच्या नजरेने पाहणे.

मालिकेने ही तीस प्रकरणे आरंभातून काढून टाकली. ती कार्निव्हलपासून सुरू होते, आणि तिचा दृष्टिबिंदू आहे आल्बेर द मोर्सेर्फ : ज्याच्या बापाने दांतेसला गाडले त्या फेर्नांचा मुलगा. पंधरा वर्षांचा, श्रीमंत, कंटाळलेला, भाबडा. त्याला काउंटचे अनिवार आकर्षण वाटते आणि तोच काउंटला आपल्या घरात, पॅरिसच्या उमरावांच्या वर्तुळात घेऊन येतो. काउंट कोण, तो का आला, बापाचे वैभव कोठून आले, यांपैकी काहीही त्याला ठाऊक नाही. आणि, महत्त्वाचे म्हणजे, प्रेक्षकालाही ते उघडपणे सांगितले जात नाही. तुरुंगाची हकीकत खूप उशिरा, तुकड्यातुकड्यांनी समोर येते.

निवेदनतंत्रातील हा बदल वरवर पाहता रहस्य वाढवण्याची युक्ती वाटेल. साम्यभेदवादी समीक्षा तशी नोंद करून पुढे जाईल : 'मुळातील कालानुक्रम बदलला आहे.' परंतु या बदलाने सूडकथेचे नैतिक अधिष्ठानच हलते. कादंबरीचा वाचक अन्याय भोगून मग सूड पाहतो. मालिकेचा प्रेक्षक अन्यायाचे फळ आधी उपभोगतो. वाडे, गाड्या, मेजवान्या, मैत्री यांत तो रमतो. आणि हे सर्व कोणाच्या कोठडीवर उभे आहे हे त्याला नंतर कळते. गुन्हेगाराच्या वारसाची जी स्थिती तीच प्रेक्षकाची करून ठेवणे, ही येथे रूपबंधाने साधलेली गोष्ट आहे. सूड न्याय्य आहे काय, हा प्रश्न कादंबरीत काउंटला पडतो. मालिकेत तो वेगळ्या रीतीने विचारला जातो : ज्याने गुन्हा केला नाही पण गुन्ह्याचे धन खाल्ले, त्याचे देणे किती?

हा प्रश्न मालिकेने बाहेरून आणलेला नाही. द्यूमांच्याच संहितेत तो आहे. व्हिल्फोरच्या घरात विषप्रयोगांची साखळी सुरू होते आणि तिच्या अखेरीस त्याचा लहान मुलगा एदुआर आईच्या हातून मरतो. त्या मुलाच्या प्रेतापाशी काउंटचा स्वतःच्या दैवी अधिकारावरील विश्वास प्रथमच डळमळतो. कादंबरी येथे क्षणभर थबकते आणि पुढे जाते, कारण हप्त्यांना पुढे जावेच लागते आणि काउंटला अखेर हायदेबरोबर गलबतावर बसवून क्षितिजाकडे पाठवायचे असते. मालिकेने ती थबकण्याची जागा पकडली आणि तेथूनच सगळी कथा पुन्हा रचली. संहितेने दाबून टाकलेल्या प्रश्नाला तिच्या केंद्रस्थानी आणणे याला वाचन म्हणतात, आणि चांगल्या वाचनाची हीच खूण आहे.

द्वंद्वाचा प्रसंग याचा पुरावा म्हणून पुरेसा आहे. कादंबरीत बापाची बेअब्रू झाल्यावर आल्बेर काउंटला आव्हान देतो. मेर्सेदेस रात्री काउंटकडे जाऊन मुलाच्या प्राणांची भीक मागते. काउंट स्वतः मरायला तयार होतो. आणि सकाळी, आईकडून सत्य कळल्यामुळे, आल्बेर जाहीरपणे क्षमा मागतो. कोणीच मरत नाही. हा प्रसंग उदात्त आहे यात शंका नाही, पण तो सूडकथेला सवलत देणारा आहे. सूडाच्या हिशेबात निरपराधाचा जीव जाऊ नये म्हणून द्यूमांनी येथे हात आखडता घेतला. मालिकेत द्वंद्व होते. आल्बेरला न कळू देता त्याचा मित्र फ्रांझ त्याच्या जागी उतरतो आणि काउंटच्या हातून मरतो. सूड कोणाला लागतो याचे हे उत्तर निर्दय आहे, आणि सूडकथेच्या तर्काशी ते मुळातील उत्तरापेक्षा अधिक इमानी आहे.

मालिकेच्या दृश्यशैलीबद्दलही अशीच घाई होते. पात्रांच्या कपड्यांवरील, केसांवरील, भिंतींवरील नक्षी येथे पात्रांबरोबर हलत नाही. देह सरकतो, नक्षी जागच्या जागी स्थिर राहते, जणू कापड ही एक खिडकी असून तिच्यामागे भरजरी पट कायमचा ताणून ठेवलेला आहे. पहिल्या भागात डोळ्यांना त्रास होतो. त्याला 'दिखाऊपणा' म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण वैभव हे येथे कोणाच्याच अंगचे नाही, माणसे त्याच्यातून फक्त ये-जा करतात, असा त्याचा अर्थ लागतो; आणि ज्या कथेत प्रत्येक पदवी चोरलेली, विकत घेतलेली किंवा बनावट आहे, काउंटची स्वतःची धरून, त्या कथेला हा दृश्यविचार शोभून दिसतो. द्यूमांना हे सांगायला संवाद लागले, चित्राला कापड पुरले.

४

याचा अर्थ मालिका निर्दोष आहे असा नाही. तिचा दोष मोठा आहे, पण तो साम्यभेदांच्या रकान्यात सापडणारा नाही. काउंटचा सूड मालिकेने 'गान्कुत्सुओ' या परकी शक्तीच्या ताब्यात दिला. दांतेसने कोठडीत या शक्तीशी करार केला, तिने त्याचा देह हळूहळू व्यापला, अखेरीस आल्बेरच्या मायेने ती त्याला सोडून गेली आणि एदमाँ म्हणून तो मेला. रूपक म्हणून हे प्रभावी आहे. नीतिविचार म्हणून ते पळवाट आहे. द्यूमांचा काउंट आपल्या हातांनी जे करतो त्याचा जाब स्वतःला विचारतो. झपाटलेला काउंट जाबातून अर्धा सुटतो. सूडाची भूक माणसाचीच असते, ती बाहेरून येत नाही, हे कादंबरीला ठाऊक होते; मालिकेला ते ठाऊक असून सोसले नाही. 'द्यूमांच्या कादंबरीत भूत नाही' ही या संदर्भात तक्रार होऊ शकत नाही. हे भूत कथेने स्वतःच विचारलेल्या प्रश्नाचे तोंड बंद करते, ही तक्रार होऊ शकते. माध्यमांतराला मुळाच्या न्यायालयात उभे करण्यापेक्षा त्याने स्वतः अंगावर घेतलेल्या प्रश्नाच्या न्यायालयात उभे करणे अधिक कठोर असते, हे यावरून दिसावे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो मराठी वाचकाला विशेष टोचेल. दृष्टिबिंदू पीडिताकडून काढून पीडकाच्या वारसाकडे देणे, हे पीडिताला दुसऱ्यांदा गाडणे नव्हे काय? चौदा वर्षे कोठडीत काढलेल्या माणसापेक्षा एका लाडावलेल्या मुलाचा हृदयभंग मोठा ठरवणे, ही कोणत्या वर्गाची सोय आहे? दलित साहित्याने आणि आदिवासी साहित्याने 'आमचे दुःख आम्ही सांगू' हा हक्क ज्या भाषेत झगडून मिळवला त्या भाषेत हा प्रश्न टाळता येणार नाही. वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेचा रोख याच ठिकाणी आहे : ज्यांचे दुःख आहे ते व्यासपीठाखाली बसलेले, आणि ते दुःख सांगणारे दुसरेच.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते सरसकट नाही. वारसाचा दृष्टिबिंदू घेतल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. वारसाच्या पश्चात्तापाचा सोहळा होऊ शकतो आणि पीडित त्याचे निमित्त होऊन राहतो. अशा कृतींचा तोटा मराठीत नाही. किंवा वारसाच्या अज्ञानाचाच पंचनामा होऊ शकतो. मालिकेचा बराचसा भाग दुसऱ्या प्रकारचा आहे, कारण तिने आल्बेरचे भाबडेपण गुण म्हणून मांडलेले नाही. ते त्याच्या सुखवस्तूपणाचे अंग म्हणून मांडले आहे, आणि त्याची किंमत फ्रांझच्या प्राणांनी मोजायला लावली आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'त (१९५९) बापाच्या वधाचा वारसा मुलाकडे येतो आणि त्यातून बंड उभे राहते. मराठी कादंबरीने अन्याय सोसलेल्यांचा वारसा अशा रीतीने समर्थपणे सांगितला. अन्याय केलेल्यांचा वारसा, म्हणजे वतनाच्या, सावकारीच्या, जमिनीच्या कागदांतून जो शांतपणे पुढच्या पिढीकडे सरकतो तो, वारसाच्याच तोंडून सांगणारी कादंबरी मराठीत विरळा आहे. आल्बेरची कथा मराठी अभ्यासकाला महत्त्वाची वाटली पाहिजे ती या उणिवेच्या संदर्भात.

५

येथे देशीवादाचा आधार घेऊन एक वेगळा प्रतिवाद होईल : फ्रेंच कादंबरी, जपानी मालिका, तिची इंग्रजी उपशीर्षके, या सगळ्याचा या मातीशी संबंध काय? भालचंद्र नेमाडे यांच्या विचाराचे हे स्वस्त रूप आहे. परक्या सामग्रीचे देशीकरण होऊ शकते, नव्हे संस्कृतीचे जिवंतपण त्यातच दिसते, ही त्या विचाराची बाजू सोयीस्करपणे विसरून 'माती' हा शब्द तेवढा उचलला जातो. मातीचाच पुरावा हवा असेल तर तो मुबलक आहे.

मराठी गद्यनाट्याची उभारणीच एका सूडकथेच्या रूपांतराने झाली. गोपाळ गणेश आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस होते. त्याच सुमारास शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'वर काम करून त्यांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' प्रसिद्ध केले. कोठडीच्या आगेमागे वाचली गेलेली सूडकथा मराठीत अशी आली. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन गाजला, तो हॅम्लेटची प्रतिकृती म्हणून नव्हे. गोविंद बल्लाळ देवल यांचा 'झुंजारराव' (१८९०) ऑथेल्लोपासून निघाला आणि मराठी वीर होऊन उभा राहिला. कुरोइवांनी दांतेसचा तोमोतारो केला त्याच्या दशकभर आधी मराठी रंगभूमी हे करीत होती. वाङ्मयेतिहासात मात्र या कृतींना 'रूपांतरित' असे लेबल लावून प्रारंभकाळाच्या प्रकरणात बसवले जाते, जणू स्वतंत्र निर्मितीला वयात येईपर्यंत दिलेली ती कुबडी होती.

खानदेशाचे उदाहरण तर कुरोइवांच्या अगदी शेजारचे आहे. माँटे क्रिस्टो संपवून कुरोइवांनी १९०२-०३ मध्ये व्हिक्टर ह्यूगोंची 'ले मिझेराब्ल' ही कादंबरी जपानीत आणली. शीर्षक दिले 'आ मुजो', म्हणजे निर्दयतेबद्दलचा एक उद्गार. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीही पुढे हीच कादंबरी मराठीत आणली. त्यांनी शीर्षक दिले 'दुःखी'. एकाने जगाचा दोष नावात घातला, दुसऱ्याने सोसणाऱ्यांना नाव दिले. दोन शीर्षकांतील हे अंतर म्हणजे दोन वाचने आहेत, आणि त्यांच्यावर एक चांगला प्रबंध होऊ शकेल. परंतु साने गुरुजींचे भाषांतरकार्य त्यांच्या चरित्राच्या परिशिष्टात यादी म्हणून येते. संतपणाच्या तेजात भाषांतरकार दिसेनासा झाला.

याहून मागे जायचे तर महाभारत आहे. जनमेजयाला वैशंपायन ते ऐकवतो ते सर्पसत्रात. म्हणजे बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून एक संपूर्ण वंश जाळला जात असताना. भारतीय परंपरेतील सर्वांत मोठी कथा सूडाच्या होमाशेजारी बसून सांगितली गेली आहे, आणि तो होम थांबवतो आस्तिक, ज्याच्यात दोन्ही पक्षांचे रक्त आहे. अरुण कोलटकर यांनी २००४ मध्ये, म्हणजे नेमके 'गान्कुत्सुओ'च्याच वर्षी, 'सर्पसत्र' हे काव्य इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि त्यात बोलते केले ते आस्तिकाच्या नागकन्या आईला, जरत्कारूला. खांडववन कोणी जाळले, तेथे कोण मेले, याचा हिशेब ती मुलाला सांगते. दिशा उलट आहे : माएदा पीडकाच्या वारसाकडे गेले, कोलटकर जळणाऱ्यांच्या बाजूला. कृती मात्र एकच आहे. अभिजात सूडकथेतील दृष्टिबिंदू हलवायचा आणि संहितेला तिनेच गिळलेला प्रश्न पुन्हा विचारायला लावायचा. कोलटकरांना हे करताना कोणी 'व्यासांशी अप्रामाणिक' म्हणत नसेल, तर माएदांच्या बाबतीत तो निकष कोठून येतो?

तो येतो पावित्र्याच्या कल्पनेतून, आणि म्हणून हा वाद केवळ वर्गातला राहत नाही. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्या रामायणावरील इंडो-जपानी अ‍ॅनिमेशनपटाला १९८०च्या दशकात भारतातून विरोध झाला : परक्यांनी, आणि तेही व्यंगचित्रांच्या माध्यमात, रामायणाला हात लावू नये. चित्रपट १९९२ मध्ये पुरा झाला. भारतातील चित्रपटगृहांत तो रीतसर लागायला जानेवारी २०२५ उजाडले. रामायणांच्या अनेकत्वावरील ए. के. रामानुजन यांचा निबंध २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढला गेला. 'मूळ एकच असते आणि त्याच्याशी इमान राखायचे असते' हा सिद्धान्त समीक्षेच्या वर्गात निरुपद्रवी दिसतो. वर्गाबाहेर त्याच सिद्धान्ताच्या हाती कात्री असते. साम्यभेदांचे रकाने आखणाऱ्या समीक्षकाचा तसा हेतू नसतो हे मान्य. पण कात्रीला धार लावण्याचे काम तो करीत असतो, हेही तितकेच खरे.

६

प्रश्न शेवटी धरणगावसारख्या गावातील मराठीच्या विद्यार्थ्याचा आहे. बालकवींचे जन्मगाव म्हणून तो हे गाव पाठ्यपुस्तकातून ओळखतो. याच धरणगावी १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्ल पलटण उभारली आणि तिचे मुख्य ठाणे येथे ठेवले. भिल्लांनीच भिल्लांना आवरावे अशी ती योजना होती. पलटणीचा इतिहास इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिला. त्यात सातपुड्यातील बंडे 'गुन्हे' म्हणून येतात आणि १८५७-५८ च्या धामधुमीतील खाज्या नाईक, आंबापाणीची लढाई ही बंदोबस्ताची प्रकरणे होतात. प्यूशेच्या पॅरिसमधील दप्तराहून ही सामग्री वेगळी नाही. शिक्षा करणाऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिलेली सूडाची आणि अन्यायाची कथा, असेच दोन्हींचे स्वरूप आहे. द्यूमांनी त्या दप्तरातून एका माणसाला उठवून उभे केले. माएदांनी त्या माणसाकडे पाहणाऱ्या मुलाला प्रश्न विचारायला लावला. पलटणीत भरती झालेल्या शिपायाचा नातू आणि बंडात मारल्या गेलेल्याचा नातू या दोघांच्या तोंडून तीच कथा सांगितली गेली तर ती कशी होईल, हा विचार ज्या विद्यार्थ्याच्या मनात येईल त्याला साम्यभेदांचे रकाने काहीही मदत करू शकत नाहीत. दृष्टिबिंदूच्या राजकारणाचे शिक्षण करू शकते.

तो विद्यार्थी काउंटला बहुधा मोबाइलच्या पडद्यावर, इंग्रजी उपशीर्षकांसह भेटेल. द्यूमा नंतर वाचील, किंवा वाचणारही नाही. त्याच्या या वाचनाला वर्गात जागा नाही. चर्चासत्रात त्याने निळ्या काउंटचे नाव काढले तर हसू उमटेल आणि 'आधी मूळ वाचा' असे सांगण्यात येईल. मूळ वाचावे हे खरेच आहे. परंतु 'आधी' हा शब्द खोटा आहे. मराठी वाचक हॅम्लेटला चंद्रसेनानंतर भेटला, ह्यूगोंना साने गुरुजींनंतर, आणि वाल्मीकींना तर कीर्तनकारानंतर. मुळाकडे जाण्याचा रस्ता येथे नेहमीच रूपांतराच्या अंगणातून गेलेला आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेतून 'साम्यभेद स्पष्ट करा' हा प्रश्न काढून टाकावा आणि त्याच्या जागी तीन प्रश्न घालावेत : या रूपांतराने मुळातील कोणता प्रश्न उचलला? तो विचारण्यासाठी कोणाच्या डोळ्यांनी पाहिले? आणि आपणच विचारलेल्या प्रश्नापासून ते कोठे पळाले? पहिल्या दोन प्रश्नांवर 'गान्कुत्सुओ' सन्मानाने उत्तीर्ण होते, तिसऱ्यावर अडखळते. 'विकारविलसित', 'झुंजारराव' आणि 'दुःखी' यांना हे तीन प्रश्न मराठी समीक्षेने अद्याप धडपणे विचारलेले नाहीत. परक्या मालिकेचा न्याय करण्याआधी घरच्या या तीन कृतींचे थकलेले देणे फेडणे अधिक निकडीचे आहे. वारसांना देणे चुकत नाही, हे त्या मालिकेतील आल्बेरलाही अखेरीस कळले.